शुद्धिपत्रातले सहा शब्द

१

बाईंचं पत्र एका गुरुवारी आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र चारच ओळींचं होतं. 'माझं पुस्तक तुमच्याकडे आहे. डोळे दगा देतात, तुम्हाला चुकीची प्रत दिली गेली. कृपा करून ते दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ देऊ नका आणि दोन दिवसांत परत पाठवा. कारण भेटीत सांगेन.'

उत्तर लिहायला मी दोनदा बसलो होतो. पण पुस्तक तोवर दुसऱ्याच्या हाती जाऊन परतही आलं होतं, आणि हे कसं लिहावं ते सुचेना. पहिल्या मसुद्यात खाडाखोड झाली म्हणून तो फाडला. दुसरा उद्धट वाटला म्हणून तोही. मग वाटलं, सरळ पुस्तकच पाठवावं, पत्र कशाला? तर ते बांधायला धड कागद सापडेना. माझ्यासारख्या माणसाला हातावर हात ठेवून बसायला एवढी कारणं पुष्कळ झाली.

पुढच्या बुधवारी बाईंचं नाव बुडालं.

बाई म्हणजे अंध मुलांच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि म्हातारपणी बोलक्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचतो. या ग्रंथालयाला मालक नाही. आम्ही वाचलेली पुस्तकं सभासदांच्या शेकडो संगणकांवर साठवलेली असतात आणि ज्यांना दिसत नाही ते ती ऐकतात. कारभार मतदानावर चालतो. प्रत्येक मत एका सामाईक वहीत नोंदलं जातं. ती वही सगळ्यांकडे असते आणि तिच्यात एकदा लिहिलेलं कोणालाच खोडता येत नाही. तरुण मंडळी तिला ब्लॉकचेन म्हणतात, आम्ही साखळी म्हणतो. ज्यांना दर प्रस्ताव वाचायला सवड नाही, ते आपलं मत एखाद्या प्रतिनिधीच्या स्वाधीन करतात आणि विश्वास उडाला की त्याच क्षणी काढून घेतात. बाईंकडे तीनशे अकरा जणांची मतं होती. माझ्याकडे एकोणीस, त्यातलं एक माझ्या बहिणीचं.

एका कंपनीने आमच्या सगळ्या वाचकांचे आवाज मागितले होते. त्यांच्यावरून यंत्राचा आवाज घडवायचा आणि पुढची पुस्तकं यंत्राने वाचायची, असा प्रस्ताव होता. बाईंनी आपल्या तीनशे अकरा जणांना विचारलं, बहुतेकांनी नको म्हटलं, आणि सोमवारी बाईंनी 'विरोधात' असं मत टाकलं. मुदत बुधवारी दुपारी बारापर्यंत होती, तोवर मत बदलता येतं. बाराला दहा मिनिटं कमी असताना बाईंचं मत 'बाजूने' झालं. प्रस्ताव थोडक्या फरकाने मंजूर झाला.

आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक मतासोबत कारण लिहावं लागतं. बदललेल्या मताखाली एकच ओळ होती: 'ऐकणाऱ्यांकडे वाट बघत बसण्याएवढं आयुष्य उरलेलं नाही.'

संध्याकाळपर्यंत नव्वद लोकांनी बाईंकडची मतं काढून घेतली होती. बाई फुटल्या, असं उघड बोललं जाऊ लागलं. रविवारी चार वाजता सभा होती. तिच्यात बाईंचं नाव प्रतिनिधींच्या यादीतून कायमचं काढायचं होतं. सोमवारपासून आवाज कंपनीकडे जाणार होते.

आणि बाईंनी चौकशी समितीपुढे काय सांगितलं, ते गुरुवारी साखळीवर आलं.

२

मी ते तीनदा वाचलं.

'बुधवारी साडेअकरा ते दोन मी डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते. मत मी बदललेलं नाही. माझे बारा शब्द कुठे ठेवले होते हे मी सांगणार नाही. सांगितलं तर एका माणसावर संशय जाईल, आणि त्याच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही.'

बारा शब्द म्हणजे मतदानाची किल्ली. प्रत्येक सभासदाला एक मिळते. शब्द अगदी साधे असतात, दोरी, खिडकी, मीठ असे. ते योग्य क्रमाने जो देईल त्यालाच साखळी मालक समजते. ते कोणाला दाखवायचे नाहीत, संगणकात ठेवायचे नाहीत, हे आचारसंहितेत पहिल्याच पानावर आहे.

पुस्तक दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका, असं बाईंनी मला लिहिलं होतं. मी गप्प बसलो. सहा दिवसांनी मत फिरलं. बाईंच्या जागी मी असतो तर मला काय वाटलं असतं?

तो एक माणूस मी होतो.

कपाटातून पुस्तक काढलं. समुद्रकाठच्या एका कुटुंबाची साधी कादंबरी, बारा प्रकरणं. ग्रंथालयातल्या प्रतीची पानं गहाळ होती म्हणून बाईंनी आपल्याकडच्या दोन प्रतींपैकी एक दिली होती. मी उघडलं आणि सवयीने ओळीखाली बोट फिरवू लागलो. मुद्रितं तपासणाऱ्याचं बोट डोळ्याच्या पुढे चालतं. पहिल्या प्रकरणाच्या चौथ्या पानावर बोटाला काहीतरी लागलं. 'दोरी' या शब्दाखाली सुईच्या टोकाएवढं भोक होतं. ब्रेल लिहायच्या टोचणीचं. दुसऱ्या प्रकरणात असंच एक, तिसऱ्यातही एक.

प्रत्येक प्रकरणात एक शब्द, बारा प्रकरणं. ज्यांना बोटांनी वाचायची सवय, त्यांनी किल्ली बोटांना सापडेल अशीच लपवली होती.

पण खरी भीती त्या भोकांची नव्हती. 'दोरी' हा शब्द मी गेल्याच पंधरवड्यात स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, एका कागदावर लिहून दिला होता. त्याच्याखाली आणखी पाच.

३

हे कसं झालं ते सांगायला मला लाज वाटते.

माझे डोळे आता बारीक टाइपाला टिकत नाहीत. म्हणून ध्वनिमुद्रणाआधी ग्रंथालयाच्या केंद्रातल्या ताई मला पानांच्या मोठ्या प्रती काढून देतात. पहिल्या सहा प्रकरणांच्या प्रती आल्या तेव्हा त्यांत इथे-तिथे काळे ठिपके दिसले. यंत्राच्या काचेवर धूळ असेल असं मी धरून चाललो. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. मी चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचं शुद्धिपत्र केलं: प्रकरण, पान, ओळ, आणि ठिपका ज्या शब्दाखाली आहे तो शब्द. सहा नोंदी. बाईंचं पत्र येण्याआधीच्या सोमवारी तो कागद मी पुस्तकासकट केंद्रातल्या ट्रेमध्ये ठेवला, वर लिहिलं, 'काच पुसावी ही विनंती.'

मुलं मला खोडरबर म्हणतात ते उगीच नाही.

तो सोमवार मी आठवून पाहिला. केंद्रात तिघे होते. कारभार पाहणाऱ्या ताई, ध्वनिमुद्रण करणारा बोका, आणि संगणक दुरुस्त करायला आलेला माझा भाचा. भाचा स्वतः प्रतिनिधी आहे, आणि या प्रस्तावाचा सर्वांत मोठा समर्थक.

शुक्रवारी सकाळी मी त्याला घरी बोलावलं. आल्या आल्या त्याने पंखा वाढवला आणि माझ्या खुर्चीत बसला.

"मामा, चेहरा असा का? बिल्डिंगच्या पाटीवर चूक सापडली का?"

"गेल्या आठवड्यात सोमवारी तू केंद्रात किती वेळ एकटा होतास?"

"तासभर. का?"

"ट्रेमध्ये माझा एक कागद होता."

त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे. "वाचला मी तो," तो म्हणाला. "रागावू नकोस. हसू आलं म्हणून फोटो काढला आणि आईला पाठवला. तिनेही हसण्याचं चित्र पाठवलं. हे बघ."

फोनवर माझं अक्षर होतं. सहा शब्द, ओळीने.

"ती बाईंची किल्ली आहे," मी म्हणालो.

त्याने फोन खाली ठेवला. मग उठून उभा राहिला. "म्हणजे तुला वाटतं मी... मामा, मी या प्रस्तावासाठी वीस पानं लिहिलीत, स्वतःच्या नावाने. बाईंशी जाहीर भांडलो. ज्याला उघड भांडायला येतं तो चोरी कशाला करेल?"

"उघड भांडून तू हरत होतास."

हे मी का बोललो कोणास ठाऊक. बहिणीच्या मुलाला. तो दारापर्यंत गेला, चप्पल घातली, आणि वळला. "आणि हिशेब तरी नीट कर. तुझ्या कागदावर सहा शब्द आहेत. अर्ध्या किल्लीने कुलूप उघडत नाही. उरलेले सहा कुठून आले?"

"उरलेल्या प्रकरणांच्या प्रती मंगळवारी आल्या. त्यांत ठिपके नव्हते. ताईंनी काच पुसून घेतली होती."

"मग तेच विचार जाऊन कोणाला तरी," असं म्हणून तो गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच लावलं. तेच मला जास्त लागलं.

४

बोका हे नाव त्याला त्याच्या चालीवरून पडलं आहे. एवढा आडवा माणूस, पण खोलीत कधी आला ते कळत नाही. आवाज न करणं हीच त्याची नोकरी. यंत्र वाचायला लागलं की ती जाणार, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायला मला जागा नव्हती. तरी मी घेतला. त्या दिवसांत मी आरशावरही घेत होतो.

"आजोबा, बाईंचं ऐकलं ना?" त्या दुपारी मी केंद्रात गेलो तेव्हा तो कानावरचं यंत्र मानेवर घेत म्हणाला. "मला एक कळत नाही. चोर आहे, तर आचारसंहिता पाळून कारण कशाला लिहितो? लिहिलं नसतं तर कोणी त्याला पकडणार होतं?"

"तुला वाटतं चोर आहे?"

"बाई बदलणाऱ्यातल्या नाहीत. शाळेत मला एकदा छडी मारली होती, अजून म्हणतात बरोबर मारली." तो त्यांच्याच शाळेच्या शिपायाचा मुलगा.

मी ट्रेमधल्या कागदाबद्दल विचारलं. त्याने तो पाहिलाच नव्हता.

"पण गेल्या आठवड्यात मंगळवारी काच पुसलीस ना?"

"मंगळवारी मी दाढ काढायला गेलो होतो. आणि ती काच माझ्याशिवाय कोणी पुसत नाही. चरे पडतात. कसले डाग होते?"

मी सांगितलं.

"प्रत्येक पानावर एकाच जागी?"

"छे. एक वर डावीकडे, एक मध्ये, एक तळाला. प्रकरणात एकच."

"मग तो काचेवरचा डाग नाही, आजोबा. काचेवर कण असला तर तो दर पानावर, त्याच जागी, हजेरी लावल्यासारखा उठतो. आठवड्यात दोन प्रती काढणारा माणूसही हे सांगेल. तुमचे डाग पुस्तकातलेच."

"हो. पुस्तकातलेच," मी म्हणालो. हे मला कालच कळलं होतं. पण त्यामागून एक दुसरी गोष्ट सावकाश वर येत होती आणि ती मला नको होती.

बाहेर पडताना ताई भेटल्या. हातात प्रतीक्षायादीची जाड वही होती. कोणाला कोणतं पुस्तक ऐकायचं आहे आणि कधीपासून, हे त्या वहीत असतं.

"काका, पुढचं पुस्तक कधी घेताय? तो गलबताच्या प्रवासाचा ग्रंथ चार वर्षं पडून आहे. तुमच्याच नावावर आहे हं."

"घेतो, घेतो. ताई, मंगळवारच्या प्रती फार स्वच्छ आल्या होत्या. बोक्याने काढल्या का?"

"तो कुठला! मी स्वतः काढल्या. तुमचा कागद वाचून आधी काच पुसली, मगच." त्या हसल्या. "तुमच्याकडून शाबासकी मिळणं म्हणजे काय असतं, आम्हाला माहीत आहे."

मी हसलो की नाही ते आठवत नाही.

५

घरी येऊन मी दोन्ही गठ्ठे टेबलावर ठेवले. डावीकडे बाईंचं पुस्तक, उजवीकडे मंगळवारच्या प्रती.

नववं प्रकरण. बोट फिरवत गेलो. सातव्या पानावर 'सुतार' या शब्दाखाली भोक लागलं. स्पष्ट, कागद मागून उचललेला. आता तेच पान मोठ्या प्रतीवर. 'सुतार' होता. खाली ठिपका नव्हता.

दहावं तसंच. अकरावं, बारावं. पुस्तकात भोक, प्रतीवर स्वच्छ.

काच पुसल्याने पुस्तकातली भोकं बुजत नाहीत. पहिल्या सहा प्रकरणांत जी उमटली ती पुढच्या सहांत उमटायलाच हवी होती. मी भिंग आणलं. 'सुतार' मधल्या पहिल्या अक्षराखालच्या उकाराचं टोक नाहीसं होतं. तिथे कोणीतरी पांढरा रंग लावला होता आणि त्या पानाची पुन्हा प्रत काढली होती. सहाही ठिकाणी तसंच. मंगळवारी या प्रती हातात आल्या तेव्हा माझ्या सूचनेचा मान ठेवला गेला म्हणून मी इतका खूश होतो की मला काहीही दिसलं नाही.

ठिपके म्हणजे धूळ असं ज्याला वाटतं, तो ते पुसेल किंवा सोडून देईल. एकेक शोधून रंगाने झाकणार नाही. झाकतो तो, ज्याला ते काय आहेत हे कळलं आहे आणि मला कळू नये असं वाटतं. माझा कागद ताईंनी वाचला होता. पुस्तक मंगळवारी त्यांच्याकडेच होतं. प्रती त्यांनीच काढल्या, हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्याकडेही स्वतःचे बारा शब्द होते. बारा प्रकरणं, दर प्रकरणात एक खूण. त्यांना ओळखायला किती वेळ लागला असेल?

पण का? ताई प्रतिनिधी होत्या, बावन्न मतांच्या. त्यांनी या प्रस्तावावर काय केलं ते मी साखळीवर उघडून पाहिलं. त्यांनी मत दिलंच नव्हतं. खाली कारण होतं: 'माझ्या आईचं नाव प्रतीक्षायादीत आहे. या निर्णयात माझा घरचा संबंध असल्यामुळे मी तटस्थ राहते.' त्याखाली चाळीस लोकांनी त्यांचं कौतुक केलं होतं. प्रतिनिधी असावा तर असा, असं लिहिणाऱ्यांत मीही होतो.

६

शनिवारी दुपारी केंद्रात ताई एकट्याच होत्या. मी पुस्तक आणि प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. मग मी त्यांचं बोट धरून 'सुतार' वर ठेवलं. एखाद्या बाईचा हात असा धरायची ती माझी पहिलीच वेळ.

त्यांनी बोट काढलं नाही.

"आईला आता फक्त डाव्या कानाने ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "तेही किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत. आजोबा गलबतावर होते तिचे. त्या ग्रंथात त्यांच्या बंदराबद्दल आहे. रोज विचारते, आलं का गं? चार वर्षं, काका. यंत्र तो एका दिवसात वाचेल."

चार वर्षं तो ग्रंथ माझ्या नावावर होता. जाड आहे, जुन्या वळणाची भाषा आहे, आपल्याला झेपणार नाही, असं म्हणत मी तो मागे ढकलत राहिलो होतो.

"तुम्ही तटस्थ राहिलात," मी कसंबसं म्हणालो.

"माझ्या मतांनी. ते खरं होतं. माझी मतं वापरायला मला लाज वाटली असती."

"आणि बाईंची?"

"ती वापरताना..." त्या थांबल्या. "कारण तरी खरं लिहिलं मी. निदान तेवढं."

"ती बाईंची नव्हती हो, ताई. तीनशे अकरा जणांची होती. त्यांनी नको म्हटलं होतं."

त्यांनी डोळे पुसले आणि एकदम त्यांचा आवाज व्यवहारी झाला. "तुमचा तो कागद मी फाडून टाकला. कोणाला माहीत नाही. तुम्ही उद्या गप्प राहिलात तर तुमचं नाव कुठेही येणार नाही. आणि बोलायचं ठरवलंत, तर आधी सांगावं लागेल, बाईंचे शब्द उघड्या ट्रेमध्ये कोणी मांडून ठेवले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने. सांगाल?"

मी पुस्तक आणि प्रती उचलल्या. दारात येऊन एवढंच म्हणालो, "उद्या चार वाजता सभा आहे. त्याआधी तुम्ही स्वतः बोललात तर बरं होईल."

रस्त्याने चालताना कळलं, त्या बरोबर बोलल्या होत्या. रंग लावल्याचा अर्थ त्या कागदाशिवाय लागत नव्हता. बाईंना वाचवायचं तर आधी स्वतःला बुडवायला हवं होतं. फोटो अजून भाच्याकडे होता. त्याला मी चोर ठरवून घराबाहेर घालवलं होतं.

मी त्याला फोन लावला. "मामा बोलतोय," मी म्हणालो. "चूक माझी होती. तो फोटो सभेत लागेल."

"कळलं," तो म्हणाला. "फोटो आणतो उद्या. पण माझं मत बदललं असं समजू नकोस. यंत्र आलं पाहिजे. फक्त असं नाही."

७

सभागृहात चाळीस माणसं होती, आणि फोनवरून ऐकणारी शेकडो. बाई आल्या नव्हत्या. ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, हात मांडीवर. चार वाजेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

अध्यक्षांनी बाईंचं नाव काढण्याचा ठराव वाचला आणि कोणाला काही म्हणायचं आहे का विचारलं. मी उभा राहिलो.

"खोडरबर बोलतायत," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हसू पसरलं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. पण वाचता येतं. रात्रभर जागून मी चार पानं लिहून आणली होती. बोका कधी येऊन शेजारी उभा राहिला कळलं नाही. त्याने ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ठेवतो तसा माईक माझ्यापुढे ठेवला आणि मान हलवली. मी वाचायला लागलो.

"आचारसंहितेत लिहिलं आहे की प्रतिनिधीने कोणत्याही विषयावर बोलण्याआधी त्यातला आपला संबंध सांगावा. माझा संबंध असा: बाईंची किल्ली फुटली ती माझ्या हातून."

हसू थांबलं. मी शुद्धिपत्राबद्दल वाचलं. भाच्याने फोटो पडद्यावर दाखवला. माझं अक्षर भिंतीएवढं मोठं झालं. मग बाईंचं पत्र वाचलं, आणि ते माझ्याकडे दहा दिवस पडून होतं हेही. त्याच दिवशी उत्तर दिलं असतं तर बाईंनी किल्ली बदलली असती आणि आजची सभा झाली नसती, हे वाचताना आवाज चिरला. बोक्याने खूण केली, घाई नको. मग पुस्तक आणि मंगळवारच्या प्रती समितीपुढे ठेवल्या आणि त्यांना बोट फिरवायला सांगितलं. समितीत दोघांना दिसत नाही. त्यांची बोटं माझ्यापेक्षा तेज. पहिल्याने 'सुतार' वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आहे." दुसरा मोठी प्रत पुढे करून भिंगवाल्या शेजाऱ्याला विचारत होता, "आणि इथे?"

"इथे नाही."

"या प्रती कोणी काढल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

माझ्या चौथ्या पानावर उत्तर होतं. मी ते उलटायच्या आत ताई उठल्या.

"काका, राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते मी सांगते."

त्यांनी सगळं सांगितलं, आईचं सोडून. ते सांगितलं असतं तर लोक वितळले असते, आणि म्हणूनच बहुधा त्यांनी सांगितलं नाही. चौथं पान मी घडी करून खिशात ठेवलं. त्यावर मीही आईबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

प्रस्ताव थांबवला गेला, पुन्हा मतदान होणार आहे. भाचा पुन्हा वीस पानं लिहितो आहे. साखळीतलं जुनं मत खोडता येत नाही, म्हणून त्याच्याखाली समितीने खरी हकीगत नोंदवली, माझ्या नावासकट. बाईंकडे मतं परत येऊ लागली. माझ्याकडची रात्रीपर्यंत सात उरली. पहिलं मत माझ्या बहिणीने काढून घेतलं. फोन करून सांगितलंही, "आधी स्वतःचे कागद सांभाळायला शीक, मग बघू."

८

"बाईंना एक फोन करा आणि मोकळे व्हा," बोका म्हणाला होता. पण फोनवर मला बोलता येत नाही, आणि त्यांनी मला पत्र लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी बसलो. बाईंच्या डोळ्यांवर अजून पट्टी आहे. म्हणजे माझं पत्र त्यांना दुसरं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार. कोणीही वाचलं तरी चालेल असंच लिहायला हवं होतं.

'आपलं पत्र पोचलं. उत्तराला अकरा दिवस उशीर झाला. पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेलं होतं, ते मीच दिलं होतं, आणि हे लिहायची मला लाज वाटली. ज्या एका माणसाबद्दल आपण बोलला नाहीत तो मी. आपल्याकडे पुरावा नव्हता, तो आता साखळीवर आहे. पुस्तक सोबत पाठवत आहे. शब्द बदलले असतीलच. या आठवड्यापासून मी गलबताचा ग्रंथ वाचायला घेतला आहे. रोज दोन तास. भाषा जड आहे, अडखळतो. बोका म्हणतो, अडखळलं तरी पुढे जा, मी जोडतो.'

तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडला गेला होता. शेवटून दुसऱ्या ओळीत आणखी एक. नवा कागद काढायला मी टेबलाचा खण उघडला. खणात कोरे कागद पुष्कळ होते.

मी खण बंद केला. पत्राची घडी घातली, समितीने परत केलेल्या पुस्तकावर ठेवली, आणि दोन्ही जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीने बांधलं. कोपऱ्यावरच्या टपालघरात खिडकीमागच्या मुलीने पुडकं तोललं, तिकिटं लावली, आणि मागच्या पोत्यात टाकलं.

"पावती हवी का, आजोबा?"

"नको," मी म्हणालो, आणि केंद्राच्या दिशेने निघालो. अकराला ध्वनिमुद्रण होतं.